सह्याद्रीत ट्रेकसाठी ठिकाण कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या सुट्टीआधी मला तेच ते प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या सह्याद्रीबद्दल आहेत. हिमालयाचा प्रश्न हमखास येतो, म्हणून तोही घेतला आहे.

१. पहिलाच ट्रेक आहे. कुठे जाऊ?

पुणे-मुंबईकडचे असाल तर लोहगड. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून लेण्यांच्या पायथ्याने वर निघायचं आणि लोहगडवाडीहून पायऱ्यांनी गडावर पोचायचं. वाट चुकायची भीती नाही, वाटेत गाव आहे, आणि पाय बोलायला लागले तर मागे फिरणं सोपं आहे. वर गेल्यावर विंचूकाटा माचीवरून पवना धरणाचं पाणी दिसतं, तेव्हा पहिल्यांदा आलेला माणूस गप्प होतो. ते बघायला मी अजूनही नवख्यांबरोबर तिथे जातो.

नाशिककरांना अंजनेरी, छत्रपती संभाजीनगरवाल्यांना देवगिरी, कोल्हापूरकरांना पन्हाळा-पावनगड आणि विदर्भातल्यांना चिखलदऱ्याचा गाविलगड बरा. कळसूबाई मात्र पहिल्या ट्रेकला घेऊ नका. '१६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर' एवढं वाचून लोक निघतात आणि तिसऱ्या शिडीपाशी बसतात. ती चढाई अवघड नाही, पण लांबते. दोन-तीन लहान ट्रेक झाल्यावर तीच कळसूबाई आनंद देते.

२. सह्याद्रीतला सगळ्यात सुंदर ट्रेक कोणता?

महिना आणि दिवसाची वेळ सांगितल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. मी एकदा जुलैत हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोन तास बसलो होतो. समोर फक्त पांढरं. हात लांब केला तर बोटं पुसट दिसत होती. त्याच जागी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो तेव्हा खालचं कोकण, शेतांचे तुकडे, नदीचं वळण, सगळं स्वच्छ होतं. कडा तोच, अनुभव अगदी वेगळा.

दुसरी गोष्ट दिशा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून हा डोंगर बनला. त्याची पश्चिमेकडची बाजू कोकणात ताठ तुटलेली आहे, तर पूर्वेकडे तो देशावर हळूहळू उतरत जातो. म्हणून खोल दरीची बहुतेक दृश्यं पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी हे कडे सावलीत असतात, दुपारनंतर उजळतात. कोकणकड्यावर सूर्यास्त बघायचा असतो, सूर्योदयासाठी तारामती शिखर गाठायचं. 'फोटोत होतं तसं दिसलंच नाही' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्मे लोक चुकीच्या महिन्यात गेलेले असतात, उरलेले चुकीच्या वेळी.

सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं अशी वेळ साधली तर कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं. म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपली सावली. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी इथल्या इंद्रवज्राची नोंद १८३५ मध्ये प्रसिद्ध केली होती. ते ठरवून दिसत नाही, त्यामुळे त्यावर बेत आखू नका.

३. मग कोणत्या महिन्यात कुठे जायचं?

मेअखेर ते जूनचा मध्य हा काजव्यांचा काळ. राजमाची, भंडारदरा परिसर, पुरुषवाडी. पहिला जोरदार पाऊस झाला की काजवे ओसरतात. झाडाखाली टॉर्च मारू नका, गाडीचे दिवे लावून थांबू नका. त्या उजेडात काजव्यांना एकमेकांचे इशारे दिसत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये लांबचं दृश्य विसरा आणि जवळचं बघायला जा: शेवाळलेली तटबंदी, ओढे, भातलावणी. रुंद माथ्याचे, मळलेल्या वाटेचे गड निवडा. कुठे जाऊ नये ते प्रश्न ४ मध्ये आहे.

सप्टेंबर फुलांचा. कास पठाराला सगळे जातात आणि ते योग्यच आहे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ पासून त्याचा समावेश आहे. हंगामात तिथे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पण सोनकीचा पिवळा गालिचा बघायला कासच हवं असं नाही. रतनगडावर, हरिश्चंद्रगडाच्या पठारावर, आडवाटेच्या कुठल्याही सड्यावर (कातळाच्या सपाट पठारावर) सोनकी आणि तेरडा भरभरून असतो. कारवीचं झुडूप सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिक फुलतं. ज्या वर्षी ते तुमच्या भागात फुलेल, त्या वर्षी बाकीचे बेत बाजूला ठेवा.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला वर्षात सर्वांत प्रिय आहे. हवा धुतलेली, गवत हिरवंच, गडावरची कातळात खोदलेली पाण्याची टाकी भरलेली, आणि पहाटे कोकणावर ढगांचा समुद्र. फक्त दुपारचं ऊन कमी लेखू नका.

डिसेंबर-जानेवारी लांबच्या आणि मुक्कामाच्या ट्रेकचा. बागलाणातले साल्हेर-मुल्हेर तेव्हाच करावेत. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याच्या मैदानात मराठ्यांनी मोगल फौजेला समोरासमोरच्या लढाईत हरवलं. माथ्यावरच्या परशुराम मंदिरापाशी उभं राहून ते मैदान बघताना पायाखालच्या उंचीचा अर्थ कळतो.

फेब्रुवारीपासून गवत वाळतं, वाटेवर घसारा (सुटी, घसरती माती-खडी) सुटतो, पाणी आटतं. मार्च ते मे फक्त पहाटेचे छोटे ट्रेक करा.

४. पावसाळ्यात कुठे अजिबात जाऊ नये?

ज्या वाटेचं नाव 'नाळ' किंवा 'नळी' आहे, तिथे नाही. नाळ म्हणजे पाणी उतरायची जागा. पावसात ती पाण्याचीच असते आणि वरून दगडही येतात. सांदण दरीही नाही. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती असल्यामुळे लोंढा आला तर बाजूला व्हायला जागा नसते. भीमाशंकरला खांडसहून जायचं तर गणेश घाटाने जा, शिडी घाट सोडा.

ओढा ओलांडायचा असेल तर पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असताना पाय घालू नका. काठावर बसून राहा. सह्याद्रीतले ओढे जितक्या लवकर चढतात तितक्याच लवकर, पाऊस थांबल्यावर काही तासांत, उतरतात. ते काही तास वाट न बघितल्यामुळे माणसं गेली आहेत.

५. जिल्हाधिकाऱ्यांनी बंदी घातली आहे असं ऐकलं. तरी लोक जातात. जाऊ का?

नाही. अपघातानंतर किंवा अतिवृष्टीचा इशारा असताना धबधबे, धरणं आणि काही गडांवर प्रतिबंधात्मक आदेश निघतात. ते दर वर्षी आणि दर आठवड्याला बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा आणि पायथ्याच्या गावात फोन करा. बंदी मोडून अडकलात तर तुम्हाला काढायला येणारी गावातली पोरं आणि बचाव पथकाचे स्वयंसेवक त्याच पावसात, त्याच निसरड्या वाटेने जीव धोक्यात घालून चढतात. एवढं एक कारण पुरे.

६. 'सोपा', 'मध्यम', 'कठीण' या श्रेणींवर किती विश्वास ठेवायचा?

फार नाही. एकच शब्द चार वेगळ्या गोष्टी झाकतो: एकूण चढाई किती, चालायचं अंतर किती, दरीची भीती किती, आणि वाटेत पाणी आहे का.

कळसूबाईला बारी गावातून आठशे मीटरच्या पुढे चढाई आहे, पण अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. दमछाक खूप, भीती कमी. हरिहर उलटा. चढाई कमी, पण शेवटच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत आणि पाठीमागे मोकळी दरी. माझा एक मित्र, रोज दहा किलोमीटर पळणारा, हरिहरच्या त्या पायऱ्या सहज चढला. उतरताना खाली बघितलं आणि जागीच थिजला. त्याला एकेक पायरी पाठमोरं उतरवायला आम्हाला दीड तास लागला. त्याचा दम कुठेच कमी पडला नव्हता. उंचीची भीती आहे का, हे त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. तेव्हापासून बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारतो.

श्रेणी तुमच्यातल्या सर्वांत कच्च्या माणसाला लावून बघा. आणि ती उतरायच्या वाटेची बघा. गुडघे उतरताना जातात.

७. हरिश्चंद्रगडाला कोणत्या वाटेने जाऊ?

पाचनईहून, जर वर जास्त वेळ घालवायचा असेल तर. ही सर्वांत सोपी आणि जवळची वाट, दोन-अडीच तासांत मंदिरापाशी. केदारेश्वराच्या गुहेतलं पाण्यातलं भव्य शिवलिंग निवांत बघता येतं. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे जाणारी वाट जवळपास दुप्पट लांब, पण खरी रानातली. मुंबई-कल्याणकडून माळशेज घाटातल्या खुबी फाट्याला एसटीने उतरून येणाऱ्यांना तीच सोयीची. धुक्यात या वाटेवर वरच्या टेकड्यांमध्ये लोक हमखास चुकतात, माहीतगार हवाच.

नळीची वाट कोकणातल्या बेलपाड्याहून थेट कड्याच्या कुशीतून चढते. तिच्याबद्दल प्रश्न ८.

८. नळीची वाट, लिंगाणा, अलंग-मदन-कुलंग: रील बघितल्यापासून जायचंच आहे. किती अनुभव लागतो?

या तिन्ही ठिकाणी केवळ चालून भागत नाही. लिंगाणा आणि अलंग-मदनला दोर, हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) आणि ते लावता येणारी माणसं लागतात. नळीच्या वाटेत कातळटप्पे, सुटे दगड आणि पूर्ण दिवसाची चढाई आहे. आधी मुक्कामाचे दोन-तीन ट्रेक करा, एखाद्या गिर्यारोहण संस्थेचं प्रस्तरारोहणाचं प्राथमिक शिबिर करा, मग ज्यांनी ती वाट आधी केली आहे अशांबरोबर जा. नेणाऱ्यांना विचारा: किती जणांमागे किती तज्ज्ञ? सगळ्यांना हेल्मेट आहे का? कुणी मध्येच थांबला तर त्याच्याबरोबर कोण थांबेल? या प्रश्नांनी जो आयोजक चिडतो, त्याच्याबरोबर जाऊ नका.

९. पाठीवर सॅक घेऊन दोन-तीन दिवस चालायचं आहे. सुरुवात कुठून?

राजगड-तोरणा. पहिल्या दिवशी गुंजवण्याहून चोर दरवाजाने किंवा पाली बाजूने राजगड. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि बालेकिल्ला घाईने बघायचे नाहीत, पूर्ण दुपार द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून डोंगरसोंडेने तोरण्याच्या बुधला माचीकडे. सहा ते आठ तास धरा. सोंडेवर सावली तुरळक आणि पाण्याचा भरवसा नाही, म्हणून राजगडावरून माणशी तीन-चार लिटर भरून निघा. उतरायचं वेल्ह्याला. दिवसभर मागे वळून बघितलं की संजीवनीची लांबच लांब चिलखती (दुहेरी) तटबंदी लहान होत जाते आणि समोरचा तोरणा मोठा होत येतो. हे दृश्य कुठल्याही एका गडावरून मिळत नाही.

त्यानंतर रतनगड ते हरिश्चंद्रगड. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, रतनगडाचं नेढं (कातळातलं आरपार भोक), कात्राबाई खिंडीतलं दाट जंगल, कुमशेत, पाचनई. तीन दिवस हातात ठेवा. या वाटेवर तंबूपेक्षा गावातल्या ओसरीवर झोपा. पिठलं-भाकरी मिळते, आपला पैसा गावात राहतो आणि सॅकचं वजन उतरतं.

आषाढात पन्हाळा ते पावनखिंड हा इतिहासाचा ट्रेक अनेक संस्था काढतात. १६६० च्या जुलैतल्या त्या रात्रीची वाट, म्हसाई पठार, गुडघाभर चिखल. तो पावसातच करायचा असतो. आरामाची अपेक्षा ठेवू नका.

सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा. पहिल्यांदा जाणारे कपडे जास्त आणि पाणी कमी घेतात.

१०. गडावरच्या टाक्यातलं पाणी प्यायचं का?

गावकरी जे टाकं दाखवतील त्यातलंच, आणि तेही गाळून, उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून. टाक्यात हातपाय धुऊ नका, बाटली बुडवू नका, भांड्याने काढून घ्या. मार्चनंतर 'वर पाणी आहे' या जुन्या माहितीवर विसंबू नका.

११. परवानगी कुठे लागते?

अभयारण्यात शिरताना वन विभागाच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही अभयारण्यंच आहेत. रात्री राहणं, तंबू आणि चूल यांचे नियम जागेगणिक वेगळे असतात आणि बदलतात, ते निघायच्या आधी विचारून घ्या.

वासोटा किल्ला हे ठळक उदाहरण. बामणोलीहून लाँचने कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा, वन विभागाची परवानगी घ्यायची, आणि संध्याकाळच्या आत परत. मुक्काम नाही, पावसाळ्यात प्रवेश नाही. लाँचचं भाडं गटाला पडतं, त्यामुळे चौघांपेक्षा दहाजण गेलेलं स्वस्त.

१२. आई-वडील साठीच्या पुढचे आहेत, त्यांनाही न्यायचं आहे.

जिथे दृश्य वाहनाच्या जवळ आहे तिथे न्या, दमवणारा 'सोपा ट्रेक' लादू नका. रायगडाला रोपवे आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर देशाकडून, जुन्नरच्या बाजूने, गाडी जाते. सातवाहनांची राणी नागनिकेचा लेख असलेली गुहा आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण थोडंसं चालून बघता येतो. बाजूला जीवधन किल्ला उभा असतोच.

लहान मुलांसाठी निकष वेगळा: वाटेत खेळायला काही हवं. प्रश्न १ मधला लोहगड त्यांनाही चालतो, पण पावसाळ्यातला रविवार सोडून.

१३. गर्दी नको आहे. कुठे जाऊ?

आधी वार बदलून बघा. मंगळवारचा राजगड आणि रविवारचा राजगड यांत फार फरक आहे. वार बदलणं शक्य नसेल तर सातमाळा रांग बघा: धोडप, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, अचला, अहिवंत, कांचना, इंद्राई. धोडपच्या माथ्यालगतची कातळभिंत आणि तिच्यातली खाच दूरवरून ओळखू येते. पुण्या-मुंबईहून लांब पडते म्हणून तिथे शांतता टिकली आहे. आणखी काही जागा मी मुद्दाम इथे लिहीत नाही. देवकुंड धबधब्याची गर्दी नावं पसरण्यातूनच झाली.

१४. मोबाइलमध्ये वाटेचा ट्रॅक आहे. तरी गावातला वाटाड्या घ्यायचा?

आडवाटेला हो. ट्रॅक बहुतेक वेळा हिवाळ्यातला असतो. सप्टेंबरात कमरेइतक्या गवतात पायवाट दिसतच नाही, आणि ढोरवाटा दहा दिशांना फुटतात. दरड कोसळून वाट सरकली असेल ते मोबाइलला माहीत नसतं, गुराख्याला असतं. पैसे आधी ठरवा, नंतर घासाघीस करू नका, आणि आपल्या डब्यातलं त्यांना द्या. 'मामा, या झाडाला काय म्हणता?' एवढं विचारलं की ट्रेकचा रंगच बदलतो.

१५. एकटीने किंवा एकट्याने जाऊ का?

गर्दीच्या वाटेवर, दिवसा, गावात नाव सांगून: हो. आडवाटेला नाही, मग तुम्ही कितीही अनुभवी असा. पाय मुरगळला तर खाली निरोप न्यायला कुणीतरी लागतं. फक्त मुलींच्या गटाने मुक्काम करायचा असेल तर गुहेपेक्षा पायथ्याच्या गावात, बाईमाणूस असलेल्या घरी, आधी बोलून ठेवून करावा. रेंज असेल तिथे ११२ लागतो, पण बहुतेक घळींत रेंज नसते.

१६. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर बेत रद्द करायचा का?

पोळी वाटेपासून लांब असतील आणि गावकरी जा म्हणत असतील तर नाही. पण अत्तर-डिओ नको, खालच्या बाजूला चूल नको, आरडाओरडा नको, दगड तर नाहीच. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नका. डोकं-तोंड कपड्यात झाकून त्या जागेपासून लांब निघा, कड्याच्या कडेला मात्र धावू नका. भटकंतीची हौस फेडताना ही एक गोष्ट लोक फारच हलक्यात घेतात.

१७. सह्याद्री बराच झाला. हिमालयात पहिला ट्रेक कुठला?

उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, जर जुलै-ऑगस्टची सुट्टी मिळत असेल. ती १ जून ते ३१ ऑक्टोबर खुली असते. हिमच हवं असेल तर उत्तराखंडातल्याच सांक्रीहून केदारकंठ, साधारण ३८०० मीटर. मोठी शिखरं बघायची तर बंगाल-नेपाळ सीमेवरचा, ३६३६ मीटरवरचा संदकफू. आकाश स्वच्छ असेल तर कांचनगंगा आणि एव्हरेस्ट एकाच नजरेत येतात.

एक गैरसमज काढून टाका: कळसूबाई दहा वेळा केल्याने उंचीचा सराव होत नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो, आणि आपलं सर्वोच्च शिखर त्याच्या खूप खाली आहे. सह्याद्री पाय तयार करतो. फुप्फुसांना मात्र तिथे जाऊन वेळच द्यावा लागतो, म्हणून चढाईचे दिवस कमी करून पैसे वाचवणारा बेत घेऊ नका.

१८. माथा अर्ध्या तासावर आहे, पण उशीर झालाय. मागे फिरायचं का?

परतीची वेळ खालीच ठरवलेली असेल तर हा प्रश्न पडत नाही. डिसेंबरात सहा वाजता सूर्य गेलेला असतो आणि रानातल्या वाटेवर त्याआधीच अंधारतं. मी दुपारी एकच्या पुढे चढत नाही, मुक्काम वर नसेल तर. उतरायला चढण्याच्या दोन-तृतीयांश वेळ धरा, निसरड्या पावसात चढायला लागला तेवढाच.

१९. पायथ्याच्या गावातला कुत्रा सोबत आला. त्याचं काय करायचं?

त्याच गावात परतणार असाल तर काही नाही. तो वाट तुमच्यापेक्षा चांगली जाणतो. उतरल्यावर त्याला भाकरी-पाणी द्या.

पण राजगड-तोरण्यासारखा एका गावातून चढून दुसऱ्याच गावात उतरणारा ट्रेक असेल (प्रश्न ९), तर सुरुवातीला बिस्किट देऊन त्याला ओढू नका. दुसऱ्या गावातली कुत्री त्याला आत घेत नाहीत आणि वाटेत शिडी असेल तर तो तिथेच अडकून राहतो. तरीही आलाच, तर उतरल्यावर पहिल्या घरी सांगा की हा गुंजवण्याचा आहे. गुंजवण्याकडे जीप किंवा दुधाची गाडी कधी जाते ते विचारा, आणि त्याच्या भाड्याचे पैसे देऊन मगच तुमची एसटी पकडा.